मळईच्या जमिनीत किती खोलीवर काय मिळतं? गंगथडीच्या शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोदावरी, दारणा, कादवा, बाणगंगा यांच्या काठाला आपल्याकडे, नाशिक जिल्ह्यात, थडी म्हणतात. चांदोरी, सायखेड्यापासून खाली नांदूरमध्यमेश्वरपर्यंत या थडीच्या जमिनींत माती बघायला गेलं की कुठल्या खोलीवर कोणती सूक्ष्म अन्नद्रव्यं मिळतात, याबद्दल बांधावर तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. बाटल्यांची आणि कंपन्यांची नावं शोधत आला असाल तर निराशा होईल. इथे खड्डा खणण्याबद्दलच जास्त बोललंय.

आमची जमीन काळीभोर आहे. मग ती काळी म्हणायची की मळई?

काळी हा रंग झाला. नदीनं आणून टाकलेली माती ती मळई, तिचा रंग काळा असो, तांबूस असो वा राखाडी.

दोन्हींचा मूळ खडक एकच, आपला काळा बेसॉल्ट. त्यामुळे वरून बघून फरक कळत नाही. चार फूट खोल खड्डा घ्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची उभी भिंत बघा. वरपासून खालपर्यंत जवळपास एकच रंग, खोल गेलेल्या भेगा आणि ढेकळांच्या अंगावर घासून आल्यासारखी चकाकी दिसली तर ती भारी काळी. ही जमीन उन्हाळ्यात फाटते, वरची माती भेगांत पडते, पावसाळ्यात सगळी फुगून एकमेकांत ढकलली जाते. थोडक्यात, ती स्वतःला नांगरत असते, म्हणून तिच्यात थर टिकत नाहीत. मळईच्या भिंतीवर मात्र पट्टे दिसतात: एक हात पोयटा (मऊ, भुसभुशीत गाळमाती), त्याखाली चार बोटं वाळू, मग चिकण, मग पुन्हा पोयटा. नदीच्या पात्राला लागून वाळू-पोयट्याचं प्रमाण जास्त असतं. पाणी लांब पसरून थांबतं तिथे बारीक चिकण बसते. म्हणून एकाच गटात नदीकडचा तुकडा हलका आणि गावाकडचा भारी असतो.

सूक्ष्म अन्नद्रव्यं म्हणजे नेमकी कोणती?

लोह, मंगल (मँगनीज), जस्त, तांबं, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरिन आणि निकेल. शेवटच्या दोघांची चिंता आपल्याकडे करायची गरज पडत नाही. पिकाला लोह हेक्टरी काहीशे ग्रॅमपासून किलो-दोन किलो लागतं, मॉलिब्डेनम तर काही ग्रॅमच. 'सूक्ष्म' म्हणतात ते गरजेच्या मापाला. ते नसल्यावर होणारं नुकसान सूक्ष्म नसतं.

बेसॉल्टची माती लोहानं भरलेली असते म्हणतात. मग अहवालात लोह 'कमी' कसं येतं?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच, म्हणून थोडा हिशोबच मांडू.

एका हेक्टरची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण २२ लाख किलो भरते. तिच्यात शंभरात पाच भाग लोह धरलं तरी ते झालं ११० टन. अहवालात मात्र 'उपलब्ध' लोह ४.५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत साडेचार भाग असेल, तर त्या मातीत मुळांच्या हाती लागू शकणारं लोह जेमतेम १० किलो. बाकीचं सगळं गंजासारख्या ऑक्साइडमध्ये आणि खनिजांच्या पोटात बंद. धान्याचं कोठार भरलेलं असावं आणि किल्ली सासूच्या कनवटीला असावी, तशी गत.

इथे किल्ली म्हणजे सामू, माती आम्ल की विम्ल ते सांगणारा पीएचचा आकडा. सामू एक अंकानं चढला की मातीच्या पाण्यात विरघळणारं फेरिक लोह हजारपटीनं घटतं आणि जस्त शंभरपटीनं. थडीच्या जमिनींचा सामू बहुधा आठच्या आसपास फिरतो, कारण मातीत मुक्त चुना असतो. सात आणि आठ यांत कागदावर एकाचाच फरक दिसतो, मुळांच्या लेखी तो शंभरपट-हजारपट असतो. चुना जसजसा खाली वाढत जातो तशी किल्ली अधिक घट्ट बसते.

वरून खाली जाताना ही द्रव्यं कशी बदलतात?

सगळी एकाच चालीनं उतरत नाहीत.

जस्त वरच्या थरात जास्त असतं आणि खाली भराभर कमी होतं. पीक खालून जस्त ओढतं, पान गळून वर पडतं, कुजतं, ते वरच राहतं. शेणखतही आपण वरच घालतो. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातला कार्बन, जस्ताला धरून ठेवतो पण मुळांना देतोही, आणि तो कर्ब वरच्या वीतभर मातीत असतो. खाली कर्ब कमी, चुना जास्त, म्हणजे जस्ताला दोन्हीकडून मार. तांब्याचंही तेच, फक्त ते कर्बाला जस्तापेक्षा जास्त घट्ट चिकटतं, म्हणून जिथे पडलं तिथून हलत नाही.

लोह आणि मंगल यांचा स्वभाव वेगळा. कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीत तीही खाली कमी होत जातात. पण खालचा थर वर्षातले काही महिने पाण्यात बुडून राहत असेल तर चित्र उलटतं. हवा संपली की जमिनीतले जिवाणू आधी मंगलच्या आणि नंतर लोहाच्या ऑक्साइडवर श्वास काढतात, आणि दोन्ही विरघळण्याजोग्या रूपात येतात. त्यामुळे तीन फुटांखाली मंगल-लोह वरच्यापेक्षा जास्त निघणं थडीत नवलाचं नाही.

बोरॉन पाण्याबरोबर चालतो. वाळूच्या पट्ट्यातून धुपून जातो. चिकणीत आणि निचरा नसलेल्या तळात क्षारांसोबत साठतो. वरच्या थरात कमी आणि खाली भरपूर, असं एकाच खड्ड्यात दिसू शकतं. कमतरता आणि अतिरेक यांतलं अंतर बोरॉनच्या बाबतीत फार थोडं असल्यानं इथे घाई करू नये.

मॉलिब्डेनम या सगळ्यांच्या उलट. सामू वाढला की ते जास्त मिळतं. आपल्या चुनखडीच्या जमिनीत त्याची ओरड सहसा नसते, म्हणून पुढे त्याचं नाव घेत नाही.

म्हणजे नियम सोपा झाला, वर जास्त, खाली कमी?

डोंगरउताराच्या जमिनीत बराचसा. नदीकाठी हा नियम मोडतो.

मळईची जमीन वहीच्या पानांसारखी एकावर एक चढलेली असते. एखाद्या पुरात वीतभर गाळ आला, मग वीस वर्षं तिथे पिकं निघाली, शेणखत पडलं, गवत कुजलं आणि तो थर काळसर, सुपीक झाला. पुन्हा मोठा पूर आला आणि त्यावर हातभर वाळू-पोयटा टाकून गेला. जुनी सुपीक भुई पोटात गाडली गेली. आज तुम्ही खणलं तर दीड फूट फिकट माती आणि खाली अचानक काळसर पट्टा लागतो. त्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब वरच्यापेक्षा जास्त असू शकतो, आणि त्याच्यासोबत जस्त-लोहही. मृदाशास्त्रात अशा ताज्या गाळाच्या जमिनी ओळखण्याची एक खूणच ही आहे: खोलीप्रमाणे कर्ब सरळ उतरत न जाता मध्येच वर-खाली होतो, किंवा सव्वा मीटर खोलीवरही ०.२ टक्का किंवा त्याहून जास्त सापडतो.

वाळूचा पट्टा मात्र सगळ्याच बाबतीत गरीब. त्याचा खरा त्रास अन्नद्रव्य नसण्यापेक्षा पाणी अडवण्याचा आहे. वाळूत तर पाणी लगेच जिरतं, मग अडवणार कसं, असं लोक विचारतात. बारीक माती आपलं पाणी वाळूच्या मोठ्या पोकळ्यांना सहजासहजी सोडत नाही. वरचा थर जवळजवळ गच्च भरेपर्यंत ते तिथेच लटकून राहतं. म्हणून चार बोटांच्या वाळूवर वीतभर सतत ओली माती असते, मुळं तिथे गुदमरतात आणि भिंतीवर नेमके तिथेच तांबूस ठिपके दिसतात.

नाशिककर पुराचं माप गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर घेतात, पाणी गुडघ्याला लागलं की छातीला. १९६९, २००८, २०१६, २०१९ ही सालं थडीत तोंडपाठ असतात. त्यांतला कुठला पूर तुमच्या शेतात काय टाकून गेला, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. ही माहिती कुठल्याच प्रयोगशाळेत मिळत नाही.

ते तांबूस आणि राखाडी ठिपके काय सांगतात?

राखाडी-निळसर रंग म्हणजे तिथे हवा पोचत नाही, लोह विरघळलेलं आहे. तांबूस ठिपके म्हणजे पाणी चढतं आणि उतरतं, लोह विरघळतं आणि पुन्हा गंजून बसतं. मंगलचे बारीक काळे खडे किंवा डागही असतात. पांढरे गोटे म्हणजे चुनखडी, त्यांच्यावर लिंबू पिळा, फसफसतील. ठिपके सुरू होतात ती खोली टेपनं मोजून लिहून ठेवा. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं, त्याची ती कायमची नोंद आहे.

खालच्या थरात लोह भरपूर, तरी द्राक्षाचा शेंडा पिवळा. हे कसं?

विरघळलेलं लोह आहे तिथे हवा नाही, आणि हवा नाही तिथे पांढरी मुळी जगत नाही. वेलीची कामाची मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच राहतात, ड्रिपवर तर ती ड्रिपरखालीच गोळा होतात. तळातलं लोह तिच्या कामाचं नाही.

दुसरं कारण बायकार्बोनेट. चुनखडीची जमीन जास्त ओली राहिली की मुळांचा आणि जिवाणूंचा कर्बवायू बाहेर पडत नाही, तो चुन्यावर काम करून बायकार्बोनेट वाढवतो. मग मुळाला लोह शोषण्याजोगं करून घेणं जमत नाही. बोअरचं पाणी जड असेल तर बायकार्बोनेट वरूनही येत राहतं. आणि हो, पिवळ्या पानात लोह असतंच. पान तपासलं तर कित्येकदा एकूण लोह हिरव्या पानाइतकंच निघतं, फक्त ते कामाच्या रूपात नसतं. लोहासाठी नुसत्या देठ परीक्षणावर, म्हणजे पानाच्या देठाच्या तपासणीवर, विसंबू नये ते यामुळेच. जस्त आणि बोरॉनसाठी मात्र देठ परीक्षण उपयोगी, खरड (एप्रिलच्या) छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी आणि गोडी (ऑक्टोबरच्या) छाटणीनंतर फुलोऱ्यात.

अशा बागेत मी आधी पाणी कमी करून बघायला सांगतो. आठ-दहा दिवसांत नवीन पान हिरवं आलं तर लोहाचा खर्च वाचला.

पिवळं पान बघून लोह की जस्त की मंगल, ते ओळखता येतं का?

थोडंफार. कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा पिवळा असेल तर लोह. उसात यालाच केवडा म्हणतात. पान लहान, पेरं आखूड, द्राक्षात देठाजवळची खाच फाकलेली आणि घडात लहान-मोठे मणी असतील तर जस्ताचा संशय घ्यावा, पण बोरॉन कमी असला तरी मणी असेच होतात. मंगलचा पिवळेपणा जरा जुन्या पानांवर दिसतो. शेतात दोन-तीन गोष्टी एकदम कमी असल्या की पुस्तकातल्या चित्रासारखं काहीच दिसत नाही, हे आधीच सांगतो.

कोणत्या पिकासाठी किती खोलवरची माती तपासायची?

कांद्याची मुळं वरच्या वीतभरात असतात, म्हणून एकच नमुना, ० ते २० सेंटिमीटर. गहू, सोयाबीन, मका यांनाही एवढं चालतं, थडीत ३० ते ६० चा एक नमुना जोडला तर उत्तम. द्राक्ष, डाळिंब किंवा कोणतीही फळबाग लावण्याआधी फुटाफुटाचे तीन नमुने घ्या: ० ते ३०, ३० ते ६०, ६० ते ९०. बागेवर एकरी काही लाख घालायचे आणि माती तपासताना दोन नमुन्यांचे पैसे वाचवायचे, हा हिशोब मला कधी कळला नाही.

थडीसाठी माझी एक दुरुस्ती आहे. फूटपट्टीपेक्षा थराला मान द्या. ३० ते ६० च्या मध्ये वाळूचा पट्टा येत असेल तर तो वेगळा काढा आणि पिशवीवर तसं लिहा. वाळू आणि चिकण एकत्र कालवून पाठवली तर येणारा आकडा अशा मातीचा असतो, जी तुमच्या शेतात कुठेच नाही.

नमुना घेताना काय चुकतं?

एक चूक माझीच सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मी जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या बादलीत माती कालवली. अहवालात जस्त इतकं मुबलक आलं की मी त्या शेतकऱ्याला 'जस्ताला हातही लावू नका' असं छातीठोक सांगितलं. हंगामात मक्याची पानं पांढरट पट्ट्यांनी भरली. दुसऱ्यांदा प्लास्टिकच्या टबात घेतलेल्या नमुन्यात जस्त कमी निघालं. तेव्हापासून लाकडी खुंटी, स्टेनलेस स्टीलचं खुरपं आणि प्लास्टिक एवढंच वापरतो. गंजकं फावडं लोहाचा आकडा बिघडवतं, खताची जुनी गोणी सगळंच बिघडवते.

वरच्या थरासाठी नागमोडी चालत एकरात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची चकती काढायची, सगळं एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. बांध, झाडाखालची जागा, उकिरड्याची जागा, नुकतं खत पडलेली जागा टाळायची. खोल थरांसाठी एक-दोन खड्डे पुरतात, पण नमुना खालच्या थरापासून वर काढत या. वरून सुरुवात केली तर वरची माती खाली सांडत राहते आणि तळातही जस्त 'सापडतं'.

सरकारी माती तपासणीची मृद आरोग्य पत्रिका आहे. ती पुरेशी नाही का?

२०१५ पासूनच्या या योजनेमुळे सामू, क्षारता, कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन असे बारा आकडे गावोगाव पोचले, ही मोठी गोष्ट झाली. पण दोन मर्यादा लक्षात ठेवा. नमुना १५-२० सेंटिमीटरचाच असतो. आणि बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना, अशी मूळ पद्धत होती, म्हणजे तुमच्या नावाच्या पत्रिकेतली माती शेजाऱ्याच्या बांधापलीकडचीही असू शकते. काळ्या पठारी जमिनीत त्यानं फारसं बिघडत नाही. थडीत पन्नास पावलांवर माती बदलते.

अहवालातले आकडे कसे वाचायचे?

नेहमीच्या मर्यादा अशा: जस्त ०.६, लोह ४.५, मंगल २, तांबं ०.२ आणि बोरॉन ०.५ पीपीएम. याखाली आकडा असेल तर कमतरता धरतात. पहिले चार डीटीपीए नावाच्या द्रावणानं काढतात, बोरॉन गरम पाण्यानं. डीटीपीएची पद्धत लिंडसे आणि नॉर्वेल यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत चुनखडीच्या जमिनींसाठी बसवली आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केली. मका आणि ज्वारीवर पारखलेली, वरच्या थरासाठीची ही पट्टी आहे.

त्यामुळे तीन फुटांवरच्या मातीत जस्त ०.३ आलं म्हणून घाबरायचं कारण नाही, तिथे ते बहुतेक ठिकाणी तेवढंच असतं. खोल थराचा आकडा मर्यादेशी ताडण्यापेक्षा वरच्या थराशी ताडा. वर १.२ आणि खाली ०.३ असेल तर तुमची सगळी पुंजी वरच्या वीतभरात आहे, ती उकरून किंवा वाहू देऊन घालवू नका. वर ०.४ आणि खालच्या काळसर पट्ट्यात ०.९ असेल तर खोल मुळांचं पीक तगेल आणि कांदा मार खाईल. दोन्ही तुकड्यांना एकच शिफारस लावली तर एकीकडे पैसे वाया जातील आणि दुसरीकडे माल.

आणखी एक. ओली राहणारी माती प्रयोगशाळेत वाळवून दळतात. त्यात विरघळलेलं लोह-मंगल पुन्हा गंजून बसतं. म्हणून तळाच्या पाणथळ थराचे लोहाचे आकडे जमिनीतल्या प्रत्यक्ष स्थितीपेक्षा कमी दिसू शकतात.

आमच्या बागेत तांबं कितीतरी पट जास्त दाखवतं. यंत्र बिघडलं का?

यंत्र बरोबर आहे. एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) म्हणजे शंभर लिटरला एक किलो मोरचूद, त्यात पाव किलो तांबं. नाशिकच्या बागांनी ते पिढ्यान् पिढ्या फवारलंय, आणि आधी म्हटलं तसं तांबं पडल्या जागचं हलत नाही. वरच्या वीतभरात ढीग, दोन फुटांखाली नेहमीइतकं. जास्तीचं तांबं मुळांना लोह घेऊ देत नाही. जुनी बाग काढून कांदा लावणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा, कारण कांद्याची सगळी मुळं त्याच वीतभरात असतात. आणि तांबं असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण अशा जमिनीत ओतू नये, एवढं तरी पाळा.

हिराकस जमिनीत घातलं, काही फरक पडला नाही. खोटं निघालं का?

माल भेसळीचा असू शकतो, पण बहुतेक वेळा माल खरा असतो आणि पद्धत चुकते. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, चुनखडीच्या मातीत मोकळं फेकलं की काही दिवसांत गंजून जमिनीतल्या त्या ११० टनांत जाऊन बसतं. हेक्टरी २५ किलो हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून दहा-पंधरा दिवस मुरवावं आणि मुळांजवळ चरात द्यावं. जस्त सल्फेटही हेक्टरी २० ते २५ किलो, तसंच मुरवून. मुरवताना कर्ब त्यांना धरतो आणि चुन्यापासून काही काळ लपवतो.

चिलेट, म्हणजे धातूला विळखा घालून विरघळता ठेवणारं संयुग, घ्यायचं तर पुडीवरचं नाव वाचा. ईडीटीए लोह आपल्या सामूला टिकत नाही, चुना त्यातलं लोह काढून घेतो. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए लोह, महाग आहे पण टिकतं. जस्ताला ईडीटीए चालतं. बोरॉनसाठी टाकणखार, माती तपासल्याशिवाय अजिबात नको, विशेषतः तळात क्षार साठलेल्या चिकणीत.

आणि डीएपीचा, म्हणजे स्फुरदाच्या खताचा, हात आवरा. स्फुरद जास्त झालं की जस्ताची कमतरता वाढते.

गंधक टाकून सामूच उतरवला तर?

पुन्हा हिशोब. मातीत एक टक्का मुक्त चुना असेल तर हेक्टरी १५ सेंटिमीटरमध्ये तो २२ टन झाला. तो संपवायला सुमारे ७ टन शुद्ध गंधक लागेल. आपल्याकडे चुना पाच टक्केही निघतो. सगळ्या शेताचा सामू उतरवायचं स्वप्न सोडा. बोदावर, ड्रिपरखाली शेणखतासोबत थोडं गंधक देऊन मुळांपुरती जागा सुधारते, तेवढं पुरे.

खालच्या थरात कमतरता आहे, तर खत खोलवर घालायचं का?

लागवडीपूर्वी चर काढताच आहात तर चराच्या मातीत शेणखत आणि जस्त मिसळायला हरकत नाही. उभ्या बागेत खोल उकरून मुळं तोडण्यात अर्थ नाही. मूळ वरून पुरेसं जस्त घेऊ शकलं तर ते वेलीला पुरतं. बोरॉनचं थोडं वेगळं असतं. मुळाच्या टोकाला तो सतत लागतो आणि बऱ्याच पिकांत वरून खाली नीट उतरत नाही, म्हणून बोरॉन नसलेल्या वाळूच्या पट्ट्यात मुळं शिरायला कंटाळतात.

जेसीबीनं सपाटीकरण केलं आणि अर्धं शेत पिवळं पडलं.

आमच्याच मळ्यात हे झालंय. उंचवट्याची वीत-दीड वीत माती खोलगट भागात ढकलली. खोलगट भाग फोफावला आणि कापलेल्या जागी तीन वर्षं मका गुडघ्याच्या वर गेला नाही. वरच्या वीतभरातलं जस्त, कर्ब, जिवाणू सगळं उचलून नेलं आणि चुन्याचा थर उघडा पाडला, दुसरं काय होणार. करायचंच असेल तर वरची माती आधी बाजूला ओढून ढीग करा, खालची सपाट करा, मग वरची माती सगळीकडे परत पसरा. जेसीबीवाला तासाचे पैसे घेतो म्हणून घाई करेल, करू देऊ नका. कापून झालंच असेल तर त्या तुकड्याला शेणखत, ताग-धैंचा आणि जस्त दुप्पट द्या, बाकीच्या शेताला नेहमीइतकंच.

खोल नांगरटीलाही हेच लागू. तळातला काळसर पट्टा वर आणायची हौस असेल तर आधी त्याचा सामू, क्षारता आणि चुना बघा.

पुरानं नवा गाळ टाकलाय. चांगलं की वाईट?

बोटभर बारीक गाळ असेल तर देव पावला, वाफसा आल्यावर मातीत मिसळा. वरच्या शिवारांची सुपीक माती त्यात असते. वीतभर वाळू आली असेल तर शक्य तेवढी उचला. वीतभर गाळ असेल तर ती नवी जमीन समजा आणि नवा नमुना काढा, जुनी पत्रिका त्या दिवसापासून गाडलेल्या थराची झाली. शहराच्या खालच्या अंगाला पुराचं पाणी शहराची घाणही सोबत आणतं, तेव्हा तिथल्या गाळात जड धातूंची तपासणी केलेली बरी.

पूर ओसरल्यावर दोन-तीन आठवडे पिकाचा रंग फसवा असतो. पाणी असताना लोह-मंगल सुटलेलं असतं आणि जस्त मात्र दबलेलं, माती वाळू लागली की लोह पुन्हा बसतं. त्या काळात जमिनीतून काही देण्यापेक्षा जस्त-लोहाची अर्धा टक्क्याची फवारणी करा आणि मुळं सावरू द्या.

धरणातला गाळ आणून टाकावा का?

२०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मधून पुष्कळांनी आणला. मुरमाड जमिनीला तो वरदान आहे. आपल्या भारी थडीला चिकणीवर चिकण कशाला? हलक्या, वाळूच्या तुकड्यावर टाका. तलावाच्या तळातला गाळ पाण्याखाली बिनहवेचा असतो, म्हणून उन्हाळ्यात आणून पसरून उन्हात तापू द्यावा. टाकण्याआधी त्याचा सामू आणि चुना बघावा.

परत कधी तपासायचं?

वरचा थर दोन-तीन वर्षांनी. खालचे थर एकदाच, नीट. मोठा पूर किंवा जेसीबी येऊन गेला तर पुन्हा.

खड्डा कधी घ्यावा आणि बुजवताना काही काळजी?

एप्रिल-मे सगळ्यात बरा, जमीन मोकळी असते आणि भिंत ढासळत नाही. खणताना प्रत्येक थराची माती वेगळ्या ढिगाऱ्यात टाका आणि बुजवताना तळाची तळात, वरची वर. एका बागेत हे न पाळल्यानं खड्ड्याच्या जागी लावलेली दोन रोपं बाकीच्यांच्या मागेच राहिली. पोरं-ढोरं पडू नयेत म्हणून रात्रभर उघडा ठेवायचा असेल तर भोवती काटेरी फांद्या टाका. फोटो काढताना टेप भिंतीला उभी लावून ठेवा, नाहीतर मोबाईलमध्ये नुसतं तपकिरी चौकोन दिसतं आणि सल्ला विचारायला पुन्हा खणावं लागतं.